मोटारी बंद होईपर्यंत

मॅडम,

तुमच्या शोकसभेत मी भांडले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या, टेबलावर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार. दवाखाना चालवणाऱ्या सहकारी संघाचे अध्यक्षसाहेब उठले आणि म्हणाले, प्रमिलाबाईंच्या कार्याची आठवण म्हणून त्यांची तसबीर एक्स-रेच्या खोलीत लावण्यात येईल. लोकांनी माना हलवल्या. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "लावा साहेब. तसबिरीला स्टॅबिलायझर लागत न्हाय, तेवढंच बरंय." तुमचे यजमान, आमचे सर, पुढं खाली मान घालून बसले होते. त्यांना जरासं हसू आलं आणि लगेच त्यांनी रुमाल तोंडाला लावला. ते बघून मलाच रडू फुटलं, आणि भांडण तिथंच राहिलं.

तुमचं माहेर कुठलं, शिक्षण कुठं झालं, कॉलेजात फिजिक्स कधीपासून शिकवलं, हे सगळं एका गुरुजींनी वाचून दाखवलं. बरोबरच असणार. पण मी ओळखत होते ती बाई त्यात कुठंच नव्हती. फोटो बिघडला की "अगं रत्ना, हे काय भूत काढलंस" म्हणणारी, चहात साखर जास्त झाली म्हणून कँटीनवाल्याशी तत्त्वाचा वाद घालणारी, ती कुठं गेली? आणि तुमचा तो प्रश्न तर त्या सभेत कुणालाच माहीत नव्हता. तो तुम्ही फक्त मला विचारला होता, आणि मी तुमच्यावर खेकसले होते. आपलं भांडण अर्धं राहिलंय, मॅडम. तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं असं मी मानत नाही.

प्रश्न साधाच होता. "माझ्या पहिल्या फोटोत ते दिसायला पाहिजे होतं का?"

त्याचं उत्तर मी काढलंय. ते सांगायलाच बसले आहे. पण आधी मला जरा रडगाणं गाऊ द्या. तुम्ही कधी गाऊ दिलं नाहीत.

मशीन आलं ते दुष्काळाच्या वर्षी. परदेशातल्या कुठल्याशा धर्मादाय मंडळानं वापरून झालेलं मशीन आपल्या सहकारी दवाखान्याला देणगी दिलं होतं. खोकं उघडायला आणि नारळ फोडायला ही गर्दी. मशीन कशाचं आहे ते कळल्यावर एकेक पुरुष काढता पाय घेऊ लागला. अध्यक्षसाहेब भाषणात "महिलांच्या विशेष आजाराचं यंत्र" याच्या पुढं जाईनात. तेव्हा मागून एक आवाज आला, "स्तनांच्या कॅन्सरचं, साहेब." मी वळून बघितलं. फिकी निळी साडी, हातात काळी छत्री, डोळ्यांवर जाड चष्मा. म्हटलं, ही कोण बया? बाईचं धाडस तरी काय!

मी आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीची. एक्स-रेचा कोर्स करून या दवाखान्यात लागले होते. मोडलेले हात, पाय, खोकल्यानं पोखरलेल्या छात्या, हे मला डोळे मिटून काढता यायचं. पण या नव्या मशीनचे किरण वेगळे, मऊ. थोडे कमी पडले की फोटो पांढराफटक, जास्त पडले की काळाकुट्ट, शिवाय बाईच्या अंगाला फुकटचा ताप. ते किती जोरात येतात हे मोजल्याशिवाय एकाही बाईला त्याच्यापुढं उभं करायचं नाही, असं तुम्ही अध्यक्षांना तोंडावर सांगितलंत. ते म्हणाले, "मग तुम्हीच मोजा की, बाई." त्यांना वाटलं, बला टळली. तुम्ही दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की छत्री घेऊन हजर.

मोजायचं मीटर तुम्ही मुंबईहून उसनं आणलंत. एसटीत पूर्ण रस्ताभर मांडीवर धरून बसला होतात म्हणे, कंडक्टर टपावर टाका म्हणाला तर त्यालाच दम भरलात. बोटभर जाडीची एक डबी, तिला तार, तारेच्या टोकाला काट्याची चौकट. डबीवर किरण पडले की काटा हलायचा. किती किरण हे कळलं, पण ते मऊ आहेत की कडक, हे कसं कळायचं? त्यासाठी पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लागतात, एकावर एक ठेवत जायचे आणि काटा निम्म्यावर कधी येतो ते बघायचं. आपल्याकडं असले पत्रे कुठले? तुम्ही दूध संघात गेलात आणि बाटल्यांची चंदेरी टोपणं पिशवीभर घेऊन आलात. घरून लाटणं आणलंत. एक्स-रेच्या टेबलावर आपण दोघी टोपणं लाटत बसलो होतो, तेवढ्यात अध्यक्षसाहेब डोकावले. "काय चाललंय?" तुम्ही म्हणालात, "पोळ्या, साहेब. बसा, एक वाढते." ते गेले ते परत त्या महिन्यात फिरकले नाहीत.

आणि ते मेण! बाईला उभं करण्याआधी मेणाच्या गोळ्यावर फोटो काढून बघायचा, आणि त्या मेणात असे बारीक कण घालायचे की जसे रोगाच्या सुरुवातीला आत चुन्याचे कण धरतात. चुना म्हणजे अंड्याचं कवच, हे तुम्हीच काढलंत. मेणबत्त्या वितळवल्या तुमच्या स्वयंपाकघरात. अंडी मी आणली, पदराखाली लपवून. तुमच्या सासूबाईंचा फोटो समोर भिंतीवर. मी म्हटलं, "मॅडम, आजी खाली उतरतील आता." तुम्ही म्हणालात, "उतरू दे. त्यांनापण एक चाळणी देऊ." कवच खलबत्त्यात कुटलं आणि चाळलं. मोहरीएवढे कण वेगळे, रव्याएवढे वेगळे, आणि अगदी पिठासारखे वेगळे. तिन्ही मेणात वेगवेगळ्या जागी बसवले. आतलं अंडं तुम्ही मला तिथंच स्टोव्हवर परतून खायला लावलंत. तुमच्या घरच्या तव्यात. तुम्हाला ते काहीच वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तुम्ही दाखवलं नाहीत. मला मात्र वाटलं. आमच्या आईला घरी जाऊन सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

त्या दुष्काळात आपण मोजलं, परत मोजलं, वेगवेगळ्या दिवशी मोजलं. काटा दरवेळी त्याच जागेवर. मोहरी दिसायची, रवा दिसायचा. पीठ काही दिसायचं नाही, पण ते जगात कुठंच दिसत नाही असं तुम्ही म्हणालात. तुम्ही भिंतीवर तक्ता लावलात, कुठल्या अंगाच्या बाईला बटण किती सेकंद दाबायचं त्याचा. मग मीटर मुंबईला परत गेलं. मोजून झालं होतं ना!

बायका यायला लागल्या. अणदूरहून, तेरखेड्याहून, पार वाशीहून. नाव घ्यायच्या नाहीत, "तो फोटो" म्हणायच्या. तेरखेड्याच्या शेवंताबाई आठवतात? फटाक्याच्या कारखान्यात वाती वळणाऱ्या. मशीनच्या दोन पाट्यांमध्ये अंग दाबलं तशा ओरडल्या, "अगं आये गं! ह्ये फोटूचं यंत्र हाय का पापडाचं?" तुम्ही पडद्यामागं इतक्या हसलात की मला बटण दाबता येईना. मीटरची गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली होती, त्या शेवटपर्यंत तुम्हाला "मीटरवाल्या बाई" म्हणत राहिल्या.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहिरी भरल्या. सगळा जिल्हा खूश. रब्बीला रानोरान पाण्याच्या मोटारी चालू झाल्या. आपले फोटो मात्र फिके यायला लागले. मी म्हटलं, फोटो धुवायचा डेव्हलपर जुना झालाय. तुम्ही म्हणालात, असेल. नवीन आणला, मी फोटो जरा जास्त वेळ बुडवून ठेवायला लागले, थोडा फरक पडला, आणि आपण त्यावर समाधान मानलं. मशीनवरचा आकडा तर बरोबरच दाखवायचा. आपण मोजलेलं मशीन. त्याच्यावर कोण संशय घेणार?

त्याच दिवसांत एका शनिवारी तुम्ही म्हणालात, "रत्ना, माझापण काढ गं एक." सहज म्हणालात, भाजी घेतलीस का विचारावं तसं. मी काढला. सोलापूरहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीपाशी धरून बघितला, म्हणाल्या, जरा फिका आहे, पण काही दिसत नाही. तुम्ही छत्री उचललीत. जाता जाता म्हणालात, "मशीन मी स्वतः मोजलंय. नाही दिसत म्हणजे नाही."

हे वाक्य मला झोपू देत नाही, मॅडम. दिवसासुद्धा कानात वाजतं.

गाठ हाताला लागली ती उन्हाळ्यात. सोलापूरला ऑपरेशन झालं तेव्हा रोग काखेपर्यंत गेला होता. तुम्ही घरी आलात त्या दिवशी मी भेटायला आले तर तुम्ही मलाच म्हणालात, "चेहरा नीट कर. एक्स-रे काढायला आल्यासारखी काय उभी राहतेस?" मग आजार कधी वर, कधी खाली. माझा दवाखाना आणि तुमचं घर विजेच्या एकाच लाइनवर, गावाच्या कडेला. पुढं त्याच लाइनवर रानातल्या मोटारी. त्या वर्षीही पाऊस बरा होता. विहिरींना पाणी होतं, मधे पावसानं ओढ दिली की लोक मोटारी लावून खरिपालाच पाणी द्यायचे.

तेव्हाची ती दुपार. तुम्ही पलंगावर पडलेल्या, मी मोसंबी सोलत होते. तुम्ही कितीतरी वेळ वर पंख्याकडं बघत होतात. मला वाटलं, झोप लागतेय. तुम्ही म्हणालात, "रत्ना, हा पंखा मंदावलाय बघ." मी म्हटलं, मोटारी चालू असतील. तुम्ही उठून बसलात. मी म्हटलं, अहो, पडा. तुम्ही म्हणालात, "दुष्काळात हा पंखा असा कधी मंदावला नव्हता."

माझ्या हातातलं मोसंबी तसंच राहिलं.

विहिरी कोरड्या होत्या म्हणून मोटारी बंद होत्या. मोटारी बंद होत्या म्हणून व्होल्टेज पूर्ण होतं, आणि किरणही पूर्ण जोरात. आणि आपण दोघी शहाण्या, मशीन मोजायला नेमकं तेच वर्ष निवडलं. जगात दुसऱ्या कुणाला ही चूक सुचली नसती. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात जन्मायला लागतं. तुम्ही हसायला लागलात. हसताहसता खोकला आला, टाक्यांवर हात दाबून धरलात, तरी थांबेना. मला राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. पावसावर यावा तर ज्या पावसासाठी आम्ही सगळ्यांनी आभाळाकडं बघून डोळे फोडून घेतले त्याच्यावर कसा येणार?

कॉलेजातलं व्होल्टेजचं मीटर आणून मी दवाखान्यात लावलं. मोटारी चालू असताना सुई पार खाली पडलेली. पंपांची लाइट गेली की सुई जागेवर. मशीनवरचा आकडा दोन्ही वेळेला तोच, हरामखोर. तुम्ही ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "मग त्या सगळ्या बायकांना परत बोलवायचं."

अध्यक्षसाहेबांना सांगायला तुम्ही शाल गुंडाळून स्वतः आलात. ते म्हणाले, "बाई, दवाखान्याची बदनामी होईल. लोक म्हणतील, मशीनच खोटं." तुम्ही म्हणालात, "मशीन खरं आहे. लाइट खोटी आहे. स्टॅबिलायझर बसवा." ते म्हणाले, पुढच्या सभेत ठेवू. ती पुढची सभा अजून व्हायचीय. साहेब वाईट माणूस नाहीत, हे तुम्ही दरवेळी म्हणायच्या. मी म्हणते, वाईट असते तर बरं झालं असतं, नीट भांडता तरी आलं असतं.

कोण कोण बाई फिक्या फोटोच्या दिवसांत आली होती ते मला तोंडपाठ होतं. सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं फिरले. बहुतेक आल्या. मोटारी बंद व्हायची वाट बघत व्हरांड्यात बसायच्या, आणि तुम्ही ताकद असेल त्या दिवशी येऊन त्यांच्यात बसायच्या. अणदूरच्या एका बाईच्या फोटोत दिसलं. मी ओला फोटो घेऊन तुमच्याकडं बघितलं. ती बाई पिशवी काखेला लावून निघालीच होती. तुम्ही तिच्या शेजारी सरकलात आणि म्हणालात, "बाई, ही एसटी जाऊ द्या. दुसरीनं जा. माझ्याशी जरा बोलत बसा." तिनं तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि बसली. ती आज बरी आहे. परवा अणदूरच्या खंडोबाचा भंडारा घेऊन आली होती तुमच्यासाठी. मी तो घेतला. तुम्ही नाही हे तिला सांगितलं तर उंबऱ्यातच बसून रडली.

शेवंताबाईंचा फोटोही त्याच दिवसांतला, पण एकट्या त्याच आल्या नाहीत. मी कारखान्याच्या दारात उभी राहून गयावया केली. त्या म्हणाल्या, "ताई, दिवाळी तोंडावर आलीया. आता म्या हलले तर मुकादम परत घेनार न्हाय. दिवाळी झाली की येते, शब्द हाय. त्या मीटरवाल्या बाईंना सांगा." मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "येईल ती. पण उशीर नको व्हायला."

आणि मग आपलं भांडण. तुम्ही म्हणालात, ते मेण काढ कपाटातून. सुई खाली असताना एक फोटो काढ, वर असताना एक. आपल्याला कळेल, माझ्या फोटोत दिसायला पाहिजे होतं का. मी म्हटलं, "कशापायी? कळून काय करणार तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "कळलेलं बरं असतं." मी म्हटलं, "काही बरं नसतं! दिसलं असतं असं निघालं तर? तुम्ही तर जाल निघून, मी कुठं तोंड लपवू?" हे असं बोलले. मरणाऱ्या माणसाला "तुम्ही जाल निघून" म्हणाले. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "तुला भीती वाटते तोवर नको काढूस." मग भिंतीकडं तोंड केलंत. अजूनही मला वाटतं, मी म्हणत होते तेच बरोबर होतं. तुम्हाला ते पटलं नव्हतं, हेही मला माहीत आहे. नंतर आपण त्यावर बोललोच नाही. मी मोसंबी सोलायची, तुम्ही पंखा बघायच्या.

तुम्ही गेलात तेव्हा मी ड्युटीवर होते. एका पोराच्या मोडलेल्या हाताचा फोटो काढत होते. निरोप आला, आणि मी त्या पोराला म्हटलं, हलू नको, आणि बटण दाबलं. दुसरं काय करणार होते?

तुमच्या घरी दहावं, तेरावं, सगळं रीतीनं झालं. मी बाहेरच्या ओट्यावर बसून होते. आमच्यात असलं काही नसतं. मी घरी मेणबत्ती लावली आणि तुमच्यासाठी त्रिसरण म्हटलं. आई म्हणाली, चालतं का गं त्यांना? मी म्हटलं, त्यांच्या तव्यात मी अंडं खाल्लंय, त्यांना सगळं चालतं. मेणबत्ती वितळून ताटलीत सांडली, ते मेण बघताबघता तुमचा गोळा आठवला. मग मला राहवेना.

दुसऱ्या दिवशी कपाटातून काढला. तुमच्या बोटाचा ठसा अजून आहे त्याच्यावर, अंगठ्याचा. सुई खाली असताना एक फोटो घेतला, मोटारी बंद झाल्यावर दुसरा. दोन्ही वाळवून खिडकीला लावले.

ऐका. मोहरी दोन्हींत दिसते. पीठ एकातही दिसत नाही. रवा फक्त दुसऱ्यात दिसतो.

झालं. एवढंच कळलं. म्हणजे त्या शनिवारी तुमच्या अंगात रव्याएवढं असेल तर ते आपण घालवलं, आणि पिठाएवढं असेल तर कुणालाच सापडलं नसतं. काय होतं? मला सांगा ना, काय होतं? मी त्या खिडकीपाशी तुमचा तो फिका फोटोपण धरून बघितला, डोळे दुखेपर्यंत. त्यात नुसतं धुकं आहे. मेणातलं मोजता आलं, मॅडम. तुमच्यातलं आता कुणालाच मोजता येणार नाही. तुम्ही म्हणायच्या कळलेलं बरं असतं. मला कळलं, आणि काहीसुद्धा बरं वाटत नाहीये. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अर्धंच उत्तर आलं, परत कर." कसं करू?

हे लिहून ठेवून दिलं होतं. इथंच संपवणार होते. पण काल शेवंताबाई आल्या.

दिवाळी झाली की येते म्हणाल्या होत्या, आल्या. बोटं अजून दारूनं काळी. पदराला बांधून फुलबाज्यांचा एक पुडा आणला होता. "ह्यो मीटरवाल्या बाईंना. कुठंयत त्या?" मला सांगवेना. म्हटलं, आज नाहीत. सुई खाली होती, मोटारी चालू होत्या. मी म्हटलं, मावशी, थांबावं लागेल. "थांबते की. लई येळ लागंल का?" म्हटलं, माहीत नाही. आम्ही दोघी बाकावर बसलो. त्या फटाक्याच्या कारखान्यातल्या गमती सांगत होत्या, मी त्या भिंतीवरच्या सुईकडं बघत होते. तुमची तसबीर अजून लागलेली नाही, तिची जागा खिळा ठोकून तयार आहे. मोटारी बंद करायला मी काय करणार? रानात जाऊन दहा गावच्या शेतकऱ्यांना म्हणू का, पिकाला पाणी देऊ नका?

दुपारी सुई वर आली. फोटो काढला. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, ओठ दाबून उभ्या राहिल्या. मी अंधाऱ्या खोलीत गेले. लाल दिव्यात फोटो हळूहळू वर यायला लागला, आणि किती स्वच्छ आला, मॅडम! तुम्ही खूश झाला असता. शीर न् शीर दिसत होती.

वरच्या अंगाला रवा दिसत होता. चिमूटभर, एका जागी.

बघायचं काम डॉक्टरीणबाईंचं, माझं नाही, हे मला माहीत आहे. त्या आता येत्या शनिवारी येतील आणि मला जे दिसलं तेच सांगतील. मी ओला फोटो धरून तिथंच उभी राहिले. असा फोटो निघाला की तो धरून मी दार उघडायची आणि बाहेर तुम्ही असायच्या. पुढचं तुम्ही बघायच्या. मला ते बोलणं येत नाही. मला बटण दाबता येतं.

दार उघडलं. शेवंताबाई पिशवी काखेला लावून उभ्या होत्या, फुलबाज्यांचा पुडा हातातच होता. "झालं न्हवं ताई? निघू का म्या? दीडची यष्टी गावंल."

मी त्यांच्याजवळ गेले, त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. "मावशी," मी म्हटलं, "ही एसटी जाऊ द्या."